‘बाई असून’ नको, काय वाजवलं ते सांगा

 

आज आम्ही कौतुकावर बोलणार आहोत. बाईच्या कामाचं कौतुक कसं होतं आणि कसं व्हायला हवं, हा आजचा विषय. त्यासाठी आम्ही एक वाजवणारी बाई निवडली आहे. ती आपल्यापासून फार लांब राहते. जन्म दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातला, सान्तियागो शहरातला, १९८८ सालचा. आता काम करते अमेरिकेत, न्यूयॉर्कला. नाव मेलिसा अल्दाना. ती सॅक्सोफोन वाजवते आणि स्वतः रचनाही करते. जगभरच्या संगीत समीक्षकांनी तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं लिहिलं आहे. त्यातलं कोणतं लिहिणं तिच्या खरं कामाचं, हे पाहताना आपल्यालाही काही सापडेल, म्हणून हा विषय घेतला.

सॅक्सोफोन तुम्ही पाहिलेला आहे. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांकडे एक पितळी, वाकडं वाद्य असतं. गळ्यात पट्टा घालून धरतात आणि त्याचं तोंड खालून वळून पुन्हा वर आलेलं असतं. तेच हे. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तर ते आपण शेकडो वेळा ऐकलंय. मनोहारी सिंग नावाचे मोठे वादक होते, त्यांनी कितीतरी गाण्यांत हे वाद्य वाजवलं. बेल्जियमचे अॅडॉल्फ सॅक्स यांनी ते तयार केलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे हक्क नोंदवले. अंग पितळेचं असलं तरी त्याचा आवाज सुरू होतो तो बोरूसारख्या काडीच्या पातळ पट्टीतून. ही पट्टी तोंडाशी बसवलेली असते. फुंकर मारली की ती थरथरते. सनईलाही तोंडाशी पत्ती असते, तिथे दोन पात्या असतात, इथे एकच. त्यामुळे वाजवणाऱ्याचा श्वास, ओठ, जीभ, सगळं त्या आवाजात उतरतं. एकाच सॅक्सोफोनवर दोघींनी फुंकलं तर दोन आवाज निघतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेलिसाचे आजोबा सॅक्सोफोन वाजवायचे, वडील मार्कोस अल्दाना हेही सॅक्सोफोनवादक. वडिलांनीच तिला सहाव्या वर्षी हे वाद्य शिकवायला घेतलं. सुरुवात लहान, उंच आवाजाच्या आल्टो सॅक्सोफोनवर झाली. चार्ली पार्कर, कॅननबॉल अॅडर्ली अशा मोठ्या वादकांचं ऐकून ती शिकत होती. मग सोनी रोलिन्स यांचं वादन कानावर पडलं आणि तिने वाद्यच बदललं. रोलिन्स टेनर वाजवत. टेनर म्हणजे आकाराने मोठा, खालच्या पट्टीचा, भरदार आवाजाचा सॅक्सोफोन. घरात आजोबांचा टेनर होता. तोच तिचा पहिला टेनर झाला.

पनामा देशाचे पियानोवादक दानिलो पेरेझ यांनी तिचं वादन ऐकलं आणि तिला आपल्या देशातल्या जॅझ महोत्सवात वाजवायला बोलावलं. पुढे ती अमेरिकेत बोस्टन शहरातल्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकली. २००९ साली शिक्षण पुरं झाल्यावर न्यूयॉर्कला गेली आणि तिथे जॉर्ज कोलमन या जुन्या, जाणत्या सॅक्सोफोनवादकाकडे शिकली. म्हणजे घरची शिकवण होती, शाळेची होती आणि त्यावर पुन्हा गुरूकडची.

आता जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे संगीत घडवलं. त्यात एक ठरलेली चाल असते, ठरलेली लय असते. आधी सगळे मिळून ती चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्या चालीच्या आधाराने त्या क्षणी जे सुचेल ते वाजवतो. आपल्या आज्या जात्यावर बसायच्या तेव्हा चाल ठरलेली असायची, पण ओवी त्या वेळच्या मनातली यायची. समोर बसलेली दुसरी ती उचलायची. जॅझचं संगीत अगदी वेगळं आहे, पण ठरलेल्यातून न ठरलेलं काढायचं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. म्हणूनच जॅझमध्ये ‘चुकली नाही’ एवढं म्हणून भागत नाही. तिने काय सुचवलं, दुसऱ्याचं ऐकून कुठे वळली, कुठे थांबली, हे ऐकावं लागतं. समीक्षकाचं काम तेच असतं. त्याने आधी नीट ऐकायचं आणि मग काय ऐकलं ते सांगायचं.

२०१३ साली मेलिसाने एक मोठी स्पर्धा जिंकली. थेलोनियस मंक हे अमेरिकेतले थोर जॅझ पियानोवादक आणि रचनाकार. त्यांच्या नावाने तेव्हा तरुण कलावंतांसाठी ही स्पर्धा व्हायची, कधी एका वाद्याची, कधी दुसऱ्या, कधी गायनाची. त्या वर्षी ती सॅक्सोफोनची होती. परीक्षकांत वेन शॉर्टर, जिमी हीथ, ब्रॅनफर्ड मार्सालिस असे या वाद्यातले मोठे लोक होते. मेलिसा तेव्हा चोवीस वर्षांची होती. २५,००० डॉलरची शिष्यवृत्ती आणि अल्बम काढण्याचा करार तिला मिळाला. याच स्पर्धेत १९९१ साली तिचे वडील उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले होते. वडील जिथे थांबले, तिथून लेक पुढे गेली.

बातमी सगळीकडे आली आणि ती बहुतेक ठिकाणी एकाच गोष्टीने ओळखली गेली. वाद्याची ही स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री, आणि पहिली दक्षिण अमेरिकन. हे खरं आहे आणि सांगायलाही हवं. दार इतकी वर्षं बंद होतं, हे त्यातून कळतं. पण विचार करा, मैत्रिणींनो. ‘पहिली स्त्री’ या दोन शब्दांतून तिचं वादन कसं आहे, हे तुम्हाला कळलं का? तिचा आवाज जाड की पातळ, ती घाईची की सबुरीची, काहीच कळलं नाही. ‘पहिली’ हा शब्द दाराबद्दल सांगतो, आत आलेल्या बाईबद्दल काही सांगत नाही.

याहून वाईट एक कौतुक आहे आणि ते फार जुनं आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात पायनी वूड्स नावाची एक शाळा होती, गरीब काळ्या मुलांसाठी चालवलेली. १९३०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या मुलींचा एक बँड उभा राहिला. शाळेसाठी पैसे जमवायला या मुली गावोगाव वाजवत फिरायच्या. पुढे १९४१ साली त्या शाळेपासून वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या बळावर फिरू लागल्या. इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम हे त्यांचं नाव. त्यांच्यात व्हाय बर्नसाइड नावाची जबरदस्त टेनर सॅक्सोफोनवादक होती. दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ साली, हा बायकांचा बँड युरोपात सैनिकांपुढे वाजवून आला.

त्या काळात जॅझ वाजवणाऱ्या बाईला सगळ्यात मोठी शाबासकी कोणती मिळायची? ‘पुरुषासारखी वाजवते’ ही. म्हणणाऱ्याला वाटायचं आपण मोठा मान दिला. पण त्याचा अर्थ काय होतो? चांगलं वाजवणं हे मुळात पुरुषाचं, तुला ते उसनं मिळालं. आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाईला, बँकेत जाऊन साहेबाशी बोलणाऱ्या बाईला असंच म्हणतात. ‘बाई असून!’ किंवा ‘गडीमाणसासारखं काम करते.’ ऐकताना गोड वाटतं. पण नांगरट सरळ झाली की वाकडी, ते त्यात कुठेच नसतं.

मग खरं कौतुक कसं असतं? मेलिसाबद्दल ज्यांनी नीट ऐकून लिहिलं, त्यांनी काय टिपलं, ते आमच्या शब्दांत सांगतो.

पहिलं, तिचा आवाज. टेनर सॅक्सोफोनवर दणदणीत वाजवून सभा जिंकता येते. मेलिसा तसं करत नाही. तिचा आवाज ऊबदार आहे, थोडा श्वासाचा आहे, जवळ बसून बोलल्यासारखा. वाद्याच्या नेहमीच्या मर्यादेच्याही वरचे, अगदी उंच सूर ती घेते, पण ते किंचाळत नाहीत. खालून वर जाताना आवाजाचा पोत तुटू देत नाही. हे फार अवघड आहे. फुंकर आणि ओठ दोन्हींवर वर्षानुवर्षं मेहनत केल्याशिवाय ते येत नाही.

दुसरं, तिची सबुरी. सगळं एकदम ओतून टाकायचं नाही. एक छोटा विचार मांडायचा, तो पुन्हा घ्यायचा, थोडा वळवायचा, मधे जागा सोडायची. हळूहळू वाढवत न्यायचं. आम्ही केंद्रावर सगळ्या मिळून ऐकत होतो तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, ‘अगं, हे सुरू कधी होणार?’ दुसरी म्हणाली, ‘सुरू झालंय, तू टाळीची वाट बघतेयस.’ दोघींचंही ऐकण्यासारखं आहे. हे संगीत एका ऐकण्यात हाताला लागत नाही आणि ते तसं सांगण्यात काही कमीपणा नाही. दोन-तीनदा ऐकलं की चाल ओळखीची होते आणि मग ती कुठे वळली ते कळू लागतं.

तिसरं, तिची हिंमत. जॅझमध्ये बहुतेक वेळा पियानो किंवा गिटार वाजवणाऱ्याच्या खाली सुरांचा आधार धरून असतं. आपल्याकडे भजनात पेटी असते ना, तसा आधार. स्पर्धेनंतर २०१४ साली आलेल्या अल्बममध्ये मेलिसाने तो आधार काढूनच टाकला. फक्त तिचा सॅक्सोफोन, पाब्लो मेनारेस यांचा बास आणि फ्रान्सिस्को मेला यांचे ड्रम. तिघांचाच मेळ. पेटी बंद करून भजन म्हणून बघा, म्हणजे कळेल. प्रत्येक सूर उघडा पडतो. अशा वाजवण्यात बाकी दोघांचं ऐकतच पुढे जावं लागतं.

आणि चौथं, ती रचनाकार आहे. तिचा ‘व्हिजन्स’ नावाचा अल्बम २०१९ साली आला. न्यूयॉर्कच्या जॅझ गॅलरी या संस्थेने तिला नवी रचना करायला सांगितलं होतं, त्यातून तो झाला. त्यासाठी तिने मेक्सिकोची चित्रकार फ्रीदा कालो मनात धरली. फ्रीदा अठरा वर्षांची असताना १९२५ साली बसच्या अपघातात सापडली. मणका, पाय, कंबर, सगळं मोडलं. पुढचं आयुष्य दुखण्यातच गेलं. अंथरुणावर पडून ती चित्रं काढू लागली आणि तिने स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवला. जोडलेल्या भुवया, ओठांवरची लव, काहीही न लपवता. मेलिसाने त्या चित्रांचं गाणं केलं नाही. एका लॅटिन अमेरिकन बाईने स्वतःकडे सरळ बघितलं, तसं आपल्याला वाद्यातून बघता येईल का, असा तो प्रयत्न होता. पुरुषांचंच मानलेलं वाद्य हातात घेतलेल्या बाईला तो प्रश्न पडणारच. याच अल्बममधल्या ‘एल्सव्हेअर’ या रचनेतल्या तिच्या एकटीच्या वादनाला ग्रॅमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. नामांकन ज्या गटात होतं तो बघा. जॅझमध्ये त्या क्षणी सुचलेल्या उत्तम वादनाचा. तिथे तिच्यासमोर बाकी सगळे पुरुष होते. बायकांची वेगळी रांग नव्हती.

त्यानंतर ब्लू नोट या कंपनीने तिचं संगीत काढायला सुरुवात केली. १९३९पासून जॅझ काढणारी ही जुनी, नावाजलेली कंपनी. २०२२ साली ‘ट्वेल्व स्टार्स’ आला, २०२४ साली ‘एकोज ऑफ द इनर प्रॉफेट’. या दुसऱ्या अल्बमच्या नावाची जी रचना आहे, ती तिने वेन शॉर्टर यांना वाहिली आहे. आठवतात का वेन शॉर्टर? २०१३च्या स्पर्धेतले परीक्षक. ते २०२३ साली वारले. ज्यांनी एकेकाळी तिला ऐकून तोललं, त्यांना तिने स्वतःच्या रचनेतून उत्तर दिलं. चांगल्या कौतुकाचं असंच असतं. ते ऐकून माणूस पुढच्या कामाला लागतो.

अजून एक गोष्ट सांगतो, ती आपल्या गटांना आवडेल. आर्टेमिस नावाचा एक जॅझ गट आहे. कॅनडाच्या पियानोवादक रेनी रॉसनेस त्याच्या प्रमुख. २०२० साली त्यांचा पहिला अल्बम आला, त्यात मेलिसा होती. बास वाजवायला जपानची नोरिको उएदा, क्लॅरिनेटवर इस्राएलची अनात कोहेन, ट्रम्पेटवर कॅनडाची इंग्रिड जेन्सन, ड्रमवर अमेरिकेची अॅलिसन मिलर. सगळ्या बायका. पण नावात कुठे ‘लेडीज’ नाही की ‘महिला’ नाही. आर्टेमिस ही ग्रीक लोकांची शिकारीची देवी. प्रत्येकजण आपापल्या वाद्यात मुरलेली आहे, एवढ्यावर हा गट उभा आहे.

आता आपल्याकडे या. आठ मार्चला आपला सत्कार होतो. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो. भाषणात आदिशक्ती, माउली, कष्टाळू, सोशिक असे शब्द येतात. आम्ही त्या शब्दांची टिंगल करत नाही. मायेने म्हटलेलं असतं. पण जरा नीट बघितलं तर हे शब्द कोणत्याही बाईला लागू पडतात. शाल घेणारी बदलली तरी भाषण तेच राहतं.

आणि यात नुसता मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. मेलिसाबद्दल कुणी फक्त ‘गुणी मुलगी आहे’ म्हटलं असतं तर तिला करार मिळाला नसता. तिचं वादन कशात वेगळं आहे हे जाणकारांनी ऐकलं आणि उघड सांगितलं, म्हणून पुढचं काम आलं. आपल्याकडे जिला ‘कष्टाळू’ म्हणतात, तिच्याकडे काय येतं? अजून कष्ट. पण जिच्याबद्दल बैठकीत उभं राहून कुणी म्हणतं, ‘हिने तीन वर्षं कर्जाची वही लिहिली, एका रुपयाचा फरक नाही,’ तिचं नाव सहीसाठी पुढे येतं. जिच्याबद्दल म्हणतात, ‘हिच्या बियाण्याची उगवण चांगली, कारण ती निवडून, राखेत घालून ठेवते,’ तिच्याकडे लोक बियाणं मागायला येतात आणि दाम देतात. कामाचं नाव घेतलं की बाईचा अधिकार तयार होतो. नाही घेतलं तर ती शाल घेऊन घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच असतं.

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत वहीचं काम झालं की दहा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीने आपल्या शेजारी बसलेलीचं एक काम सांगायचं. अट एवढीच, ते काम आपण डोळ्यांनी पाहिलेलं किंवा कानांनी ऐकलेलं असावं. ‘ही खूप चांगली आहे’ चालणार नाही. ‘बाई असून’ तर अजिबात नाही. काय केलं, कसं केलं, त्यात अवघड काय होतं, ते सांगा. भजनी मंडळातली आवाजाने चांगली असेल तर नुसतं ‘गोड गळा’ म्हणू नका. ती वरच्या सुरावर श्वास कसा राखते, मागच्या बायांना सांभाळून कशी घेते, ते सांगा.

सांगताना एखादी गोष्ट कमी वाटली तर तीही सांगा, पण कामाची सांगा, माणसाची नको. ‘तुला जमत नाही’ आणि ‘दुसरं कडवं तू घाईत घेतलंस’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. पहिल्याने बाई गप्प बसते. दुसऱ्याने ती पुढच्या वेळी कडवं सावकाश घेते. नीट ऐकणारा समीक्षक हेच करतो. आणि ज्याने बारकाईने ऐकून उणं दाखवलं, त्याने दिलेली शाबासकीही खरी वाटते.

जिचं कौतुक होईल तिलाही एक सांगणं. आपल्याला सवय असते, कुणी चांगलं म्हटलं की ‘काही नाही गं, कुणीही केलं असतं’ असं म्हणायची. कुणीही केलं नसतं. मेलिसा सहा वर्षांची असल्यापासून फुंकर मारते आहे. तुम्हीही भाकरी थापायला, पिकाची पानं ओळखायला, हिशोब जुळवायला एका दिवसात शिकला नाहीत. तेव्हा मान खाली न घालता ऐका आणि म्हणा, ‘हो, ते मी असं असं केलं.’ म्हणजे दुसरीला शिकता येईल.

तुमच्या गटात काय काय सांगितलं गेलं ते आम्हाला कळवा. आता भाषण संपल्यावर आम्ही मेलिसाचं थोडं वादन लावणार आहोत. टाळीची वाट बघू नका. भाजी निवडता निवडता ऐका आणि ती कुठे थांबते तेवढं धरून ठेवा. मग तिच्याबद्दल एकमेकींना एक वाक्य सांगा, पण ते वाक्य दुसऱ्या कुणा वादकाला लागू पडता कामा नये.

नमस्कार.